मापाची वही

छाती तीस, कंबर बावीस, बाही सहा.
वर नाव: कुंदा धारगळकर, खेतवाडी, बारावी गल्ली.
खाली, वेगळ्या शाईत: तरन्नुम.
प्रोड्यूसरच्या भाच्याला सुचलेलं नाव.
तिच्या आईला ते शेवटपर्यंत जमलं नाही.
"आमच्या तरनूमचं पोलकं झालं का?" विचारायची,
आणि माझा बाप सुईत दोरा ओवत, मान न उचलता:
"कुंदाचं झालंय. तरनूमचं उद्या."

आमचं दुकान दादरला, स्टुडिओच्या मागच्या फाटकासमोर,
साडेसहा फूट रुंद.
मी नऊ वर्षांची, हूक लावायचे.
एका पोलक्याला सात, नाचाचं असेल तर अकरा,
कारण नाचात बाई श्वास घेते, बाप म्हणायचा,
कापड घेत नाही.

अठ्ठावन्न: कंबर एकवीस.
त्या वर्षी ती नुसत्या मोसंबीच्या रसावर होती.
साठ: डावा खांदा, प्लास्टरवरून माप.
झोपाळ्याची दोरी तुटलेली.
त्या सिनेमात ती राणी आहे, तिचा डावा हात हलतच नाही.
लोकांना तो रुबाब वाटला.
पुढं दोन वर्षं सगळ्या राण्या तसाच हात धरायच्या.

एकसष्टचं पान पेन्सिलीत आहे.
फेब्रुवारी, चोवीस.
मार्च, सव्वीस.
एप्रिलात बापानं दुकानाच्या फळ्या लावून माप घेतलं
आणि आकडा लिहिला नाही.
शिंप्याला आधी कळतं, मग डॉक्टरला,
मासिकांना सगळ्यात शेवटी.
मासिकांना कळलंच नाही.
तरन्नुम हवापालटासाठी पाचगणीला, एवढंच छापून आलं.

ऑक्टोबरात परत आली.
छातीवर टेप धरता धरता बाप थांबला,
मला म्हणाला, जा, समोर चहा सांगून ये.
आले तर ती स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून,
आणि बाप ब्लाउजच्या आतून
फलालीनच्या दुहेरी घड्या शिवतोय.
चार वाजता शूटिंग होतं. होळीचं गाणं.
बरं झालं, बाप म्हणाला, ओलंच दिसायचंय.
ती हसली. मग बराच वेळ हसत राहिली.
मूल कुठं गेलं ते वहीत नाही.

चौतिसाव्या वर्षी आईचं काम आलं.
मुलगा झालेला हीरो एकेचाळिसाचा.
पांढरं कापड, बाही कोपरापर्यंत, गळा बंद.
"मास्तर, जरा जाड करा मला," तिनंच सांगितलं.
आम्ही कापूस भरला त्याच कमरेवर
जिथून टाचून टाचून एकेक सूत कमी केलं होतं.

सत्त्याण्णवला वर्सोव्याहून आली,
वांद्र्यापर्यंत रिक्षा, पुढं बस.
बाप गेल्याचं तिला माहीत नव्हतं.
पिशवीतून एक जुनं पोलकं काढलं:
"हे मोठं होईल का गं?"
मी बाजू उसवल्या.
आत दोन्हीकडे दीड दीड इंच कापड बापानं दाबून ठेवलेलं,
कधीच उन्हात न आलेलं,
गर्द अंजिरी.
बाहेरचं तर पार मातकट झालं होतं.
तिनं त्या पट्टीवर बोट फिरवलं. "असा होता होय."
सिनेमा काळा-पांढरा होता.
हा रंग जगात आम्ही तिघांनीच पाहिलेला.

परवा पेपरात आलं, आतल्या पानावर, दोन बोटं जागा.
वय चार वर्षांनी चुकलेलं.
कुंदा कुठंच नाही.
फोटोत पाठमोरी बाई, मान अर्धी वळलेली,
आणि ती ती नव्हेच, तिची डुप्लिकेट,
घोड्यावरून पडायला ठेवलेली ख्रिश्चन पोरगी, ग्रेटा की कोण.
पण पोलकं आमचं.
पाठीवरचा चौथा हूक उलटा बसलाय.
तो माझा.
बापानं त्यासाठी माझ्या कानाखाली काढली होती,
आणि कुंदा म्हणाली होती, राहू द्या हो मास्तर,
मागून कोण बघतंय.